कुत्र्याला घेऊन येणारं गिऱ्हाईक: त्याला गड विकू नका, कुंपण विका



मागच्या महिन्यात मुरबाडकडचा एक मुलगा दुकानात आला. वय चोवीस-पंचवीस, बी.कॉम. झालेला. मोबाइलवर बॅनरचं डिझाइन तयार होतं. वर माहुलीच्या सुळक्यांचा फोटो, खाली लिहिलेलं, 'माहुली डॉग ट्रेक. तुम्ही आणि तुमचा लाडका. फक्त ९९९ रुपये.'

"ताई, तुमचा पर्यटनाच्या जोडधंद्यांवरचा व्हिडिओ बघितला. मुंबई-ठाण्याचे लोक कुत्री घेऊन फिरायला जागा शोधतात आणि आपल्याकडे डोंगरच डोंगर. भांडवल शून्य! करू ना सुरू?"

मी चहा सांगितला आणि म्हटलं, "बस. बॅनर छापायला टाकला नाहीस ना अजून?"

नव्हता टाकला, ते बरं झालं. त्याला दीड तास जे सांगितलं तेच आज इथे लिहिते आहे. कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. शहापूर-मुरबाडमध्ये ज्यांच्याकडे दोन-तीन एकर वरकस जमीन पडून आहे आणि घरात एक शिकलेलं पोरगं किंवा पोरगी आहे, त्या सगळ्यांनी वाचावं. व्हिडिओत बारा मिनिटांत एवढं सांगता येत नाही.

पहिलं सांगते, मागणी खोटी नाही. माझं दुकान पशुखाद्याचं. पेंड, भुसा, कोंबडी खाद्य, त्यात कुत्र्यांच्या खाद्याचा एक कप्पा. पूर्वी त्या कप्प्यावर धूळ बसायची. आता शनिवार-रविवार सकाळी गाड्या थांबतात, खिडकीतून एक तोंड बाहेर आलेलं असतं, जीभ लोंबती. मालक उतरून पाण्याचं भांडं मागतो, नाहीतर तुटलेल्या पट्ट्याच्या जागी नवा, नाहीतर गोचिडांचा स्प्रे. आणि पैसे देताना हमखास विचारतो, "इथे जवळपास याला मोकळं सोडता येईल अशी जागा आहे का हो?"

भांडं, पट्टा, स्प्रे यांत मला वीस-चाळीस रुपये सुटतात. खरा धंदा त्या शेवटच्या प्रश्नात आहे, आणि त्यातला शब्दही नीट ऐका. तो 'डोंगर कुठे आहे' असं विचारत नाही. 'मोकळं सोडता येईल' असं म्हणतो.

त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्टमध्ये शेजाऱ्यांची कुरकुर, बागेच्या फाटकावर 'कुत्र्यांना प्रवेश नाही'ची पाटी. त्याचा लॅब्रॅडोर दिवसातून दोनदा साखळीला बांधून रस्त्यावर फिरतो, तेवढंच. शेवटचा जीव तोडून कधी धावला होता ते मालकालाही आठवत नाही. ही अडचण सगळ्या शहरांची आहे. अमेरिकेत बर्कली नावाच्या गावात १९७९ साली यासाठी कुंपण घातलेली बाग सुरू झाली. आपल्याकडे हैदराबाद महापालिकेने २०१८ मध्ये कोंडापूरला सव्वा एकराच्या आसपास जागेत डॉग पार्क केला, त्यावर कोटीभर रुपये खर्च केले. आणि अमेरिकेतच स्निफस्पॉट म्हणून एक ॲप आहे. त्यावर लोक आपलं परसदार, आपलं शेत तासाच्या भाड्याने देतात, कुत्र्याला पळायला! हे शेवटचं उदाहरण आपल्या कामाचं. महापालिकेचा कोटीचा पार्क आपल्याला झेपणार नाही, परसदार झेपेल.

आणि रस्ता आता सोपा झालाय. नाशिक हायवे होताच. जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, तोही शहापूर तालुक्यातूनच जातो. मुरबाडला कल्याणहून माळशेजचा रस्ता आहे. लोकलने आसनगावला उतरणारा ट्रेकर वेगळा, हे गिऱ्हाईक वेगळं. कुत्रं घेऊन गर्दीच्या लोकलने कोण येणार? ते स्वतःच्या गाडीने येतं, पोराबाळांसकट येतं, आणि दुपारी त्याला भूक लागते. हे नंतर हिशोबात येईल.

माहुली का नाही

त्या मुलाला मी विचारलं, "माहुलीवर किती वेळा गेलास?" म्हणाला चार-पाच वेळा. "मग वरची लोखंडी शिडी आठवते? तीस किलोचं कुत्रं त्या शिडीवरून कोण नेणार? तू?" तो हसला. मुरबाडच्या गोरखगडाच्या खोदीव पायऱ्यांवर तर माणूसच चार पायांवर चढतो.

पण शिडी हा लहान मुद्दा. माहुली तानसा अभयारण्यात येतो. तीनशे चौरस किलोमीटरहून मोठं अभयारण्य आहे ते. सिद्धगड भीमाशंकर अभयारण्यात येतो, जिथे शेकरू राखलाय. अभयारण्यात शिरायलाच १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगी लागते. तिथे पाळीव कुत्र्यांची टोळी घेऊन, वर तिकीट लावून जायचं आणि त्याची जाहिरात करायची म्हणजे वनखात्याला आपण होऊन पुरावा देणं. अभयारण्याबाहेरचा डोंगर म्हणाल, तर तोही बऱ्याच ठिकाणी राखीव वन असतं. 'आम्ही लहानपणापासून जातोय' हे गावकरी म्हणून ठीक. धंदा म्हणून ते चालत नाही.

नियम बाजूला ठेवला तरी कारण खरं आहे. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह मेले. त्यांतल्या काहींमध्ये कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. कुत्र्यांमध्ये पसरणारा हाच रोग. आपल्या रानात सिंह नाहीत, पण बिबट्या आहे, कोल्हा आहे, रानमांजर आहे.

आणि बिबट्याचं उलटंही आहे. माळशेज चढून जुन्नर, त्याच्या पलीकडे अकोले. तिथे डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून तो काय खातो याचा अभ्यास केला. शेळ्या-वासरं खात असेल असं आपल्याला वाटतं. पण त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशोबाने सगळ्यात मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के! पाड्यावरच्या आजीला हे सांगितलं तर ती म्हणेल यात नवल काय, अंगणातलं कुत्रं गेल्याची गोष्ट घरोघरी आहे. शहरातल्या मालकाला मात्र हे माहीत नसतं. 'मोकळ्या हवेत तंबू, बाहेर बांधलेलं कुत्रं, वर चांदणं' हे त्याला फोटोत छान दिसतं. तुम्ही स्थानिक आहात. जे तुम्हाला ठाऊक आहे ते त्याला सांगणं तुमच्यावर येतं.

रानडुकरांसाठी कुणी लावलेले तारेचे फासे, शेतात टाकलेलं उंदरांचं औषध, घोणस, फुरसं, हे आणखी वेगळं. मी त्या मुलाला घाबरवत नव्हते. त्याचं भांडवल शून्य नाही, हे त्याला दिसावं म्हणून बोलत होते. मोकळ्या डोंगरावर काहीही झालं तर जबाबदार तो, आणि रोखायला हातात काही नाही.

ती मार्चची सकाळ

हे मी इतकं ठासून का सांगते, त्याचं कारण व्हिडिओत कधी सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी, मार्चमधला रविवार. ठाण्याहून एक जोडपं आलं होतं, सोबत गोल्डन रिट्रीव्हर, ब्रूनो. माझ्याकडून पाण्याचं घडीचं भांडं घेतलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मी काउंटरवरूनच हात करून सांगितलं, "त्या मागच्या टेकडीवर जा ना, मस्त मोकळं आहे." तेव्हा साडेनऊ वाजले असतील. आमच्यासाठी ती टेकडी म्हणजे वीस मिनिटांचं काम.

अकराच्या सुमारास नवऱ्याचा फोन आला. भांड्याच्या पावतीवर दुकानाचा नंबर होता. मी आणि दुकानातला मुलगा धावत गेलो. ब्रूनो कातळावर आडवा पडला होता, धाप थांबत नव्हती, हिरड्या लालभडक. त्यांच्या बाटल्यांतलं पाणी संपलेलं, टेकडीवर सावली नाही, मार्चमध्ये ओढ्याला पाणी कुठलं! आम्ही चादरीत घालून खाली आणला, गाडीत घातला. डॉक्टरपर्यंत पोचलो. दुपारी तो गेला.

त्या बाईंनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. तेच जास्त लागलं.

नंतर डॉक्टरांनी समजावलं ते लिहून ठेवा. आपल्याला अंगभर घाम येतो, कुत्र्याला तो पंजांपुरताच. त्याचं सगळं गार होणं धापेवर चालतं. त्याचं तापमान एरवीच ३८ ते ३९ अंशांच्या घरात असतं. ते ४१च्या पुढे गेलं की आतले अवयव धोक्यात येतात. दाट केसांचं, जाडजूड, म्हातारं कुत्रं लवकर ढेपाळतं. पगसारखं चपट्या नाकाचं तर सगळ्यात आधी. आणि ते थांबत नाही. मालक पुढे चालतोय म्हणून तेही चालत राहतं. पडतं तेव्हा उशीर झालेला असतो. अशा वेळी आधी जागेवरच पाणी ओतायचं, पोटावर, जांघेत, पंजांवर, वारा घालायचा आणि मग गाडीत न्यायचं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. आम्ही उलटं केलं. आधी उचलून धावलो, कारण ओतायला पाणीच नव्हतं.

तेव्हापासून माझ्या काउंटरवर एक पाटी आहे: 'सकाळी ९ नंतर कुत्र्याला उघड्या कातळावर नेऊ नका. हाताची मागची बाजू जमिनीवर ५ सेकंद ठेवून बघा. तुम्हाला चटका बसला तर त्यालाही बसतो.' आणि रस्ता मी कुणालाच सांगत नाही. त्या दिवशी मी पैसे फक्त भांड्याचे घेतले होते, सल्ला फुकट दिला होता. तो फुकट सल्ला अजून पचलेला नाही.

दहा गुंठे आणि एक जाळी

तर मग विकायचं काय? ज्या जागेची खात्री तुम्ही देऊ शकता ती जागा.

त्या मुलाच्या वडिलांच्या नावावर तीन एकर. एकरभर भातशेती, बाकी वरकस. त्यात चार आंबे, थोडा साग आणि एक विहीर. मी म्हटलं, यातले आंब्यांखालचे दहा गुंठे बाजूला काढ. त्याला वाटलं कमी पडतील, एकरभर घेऊया. मग कागदावर मांडून दाखवलं.

गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. चौरस तुकडा घेतला तर एक बाजू साधारण १०४ फूट, चारी बाजूंचं कुंपण मिळून ४१८ फूट. पूर्ण एकर चौरस घेतला तर कुंपण ८३५ फूट. म्हणजे जागा चौपट, कुंपण दुप्पट. पण तेच दहा गुंठे बांधालगतच्या वीस फुटी पट्टीत काढले तर लांबी ५४४ फूट आणि कुंपण ११२८ फूट! एकरापेक्षाही जास्त. आपल्याकडे वाटण्या होऊन जमिनी पट्टी-पट्टीच्या झाल्यात, म्हणून हे आधी बघा. जाळीचा माणूस फुटावर पैसे घेतो. तुकड्याचा आकार चुकला की त्याला दुप्पट-तिप्पट देऊन बसाल.

जाळी साध्या चेनलिंकची, पाच-सहा फूट उंच. काटेरी तार नको, कुत्रं अंगावर चिरा घेऊन घरी गेलं की ते गिऱ्हाईक संपलं. जाळीचा खालचा भाग वीतभर जमिनीत पुरा, नाहीतर अर्ध्या तासात उकरून बाहेर. आणि फाटकं दोन, एकामागे एक, मध्ये गाडीएवढी जागा. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. जगभरच्या डॉग पार्कात हीच पद्धत आहे, आणि मला विचाराल तर अख्ख्या प्रकल्पात खर्च वाचवू नये अशी हीच एक गोष्ट. पळून गेलेलं कुत्रं अनोळखी रानात परत मिळत नाही.

विहिरीला कठडा नसेल तर आधी कठडा बांधा, जाळी नंतर. चेंडूमागे पळणाऱ्या कुत्र्याला विहीर दिसत नाही.

आणि गवत. आपल्या वरकसावर कुसळी असते. पावसाळा संपला की तिची कुसळं तुमच्या पँटला चिकटतात, तशीच कुत्र्याच्या कानात, बोटांच्या बेचक्यात शिरतात आणि आत सरकत जातात. मग जखम, पू, डॉक्टर. ऑक्टोबरातच गवत कापून घ्या. गुरांना होईल किंवा विकलं जाईल.

आता नियम. त्याला मी एकच सांगितला, बाकीचे त्यातून निघतात: एका वेळी एकच कुटुंब. तासाचा स्लॉट, आधी फोनवर ठरवलेला. पाच अनोळखी कुत्री एका जाळीत सोडायची नाहीत. मोठ्या शहरातल्या पार्कात ते चालतं, कारण भांडण झालं तर दहा मिनिटांवर डॉक्टर असतो. आपल्याकडे तालुक्याचा सरकारी दवाखाना रविवारी काय अवस्थेत असतो ते तुम्हाला माहीत आहे. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा, पण ते पथक मुख्यतः गुरांसाठी आहे. त्याच्या भरवशावर राहू नका. जवळचा खासगी डॉक्टर कोण, रविवारी फोन उचलतो का, हे सुरू करायच्या आधी जाऊन विचारा, ओळख करून घ्या.

लसीचं कार्ड व्हॉट्सॲपवर आल्याशिवाय स्लॉट पक्का नाही. रेबीजची लस वर्षाच्या आत दिलेली हवी, डिस्टेंपर-पार्वो-लेप्टोची एकत्र लसही. चार महिन्यांखालचं पिल्लू नको, पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. माजावर आलेली कुत्री नको, नाहीतर पंचक्रोशीतले गावठी गडी जाळीबाहेर सभा भरवतील. पावसाळ्यात लेप्टोची भीती माणसालाही असते, म्हणून साचलेलं पाणी जाळीच्या आत राहता कामा नये. संध्याकाळी साडेपाचला फाटक बंद, अंधार पडायच्या आत गाडी रस्त्याला. बिबट्याला पाच फुटी जाळी म्हणजे काहीच नाही.

आणि ज्याला डोंगर बघायचाच आहे? त्याच्यासाठी सकाळी सातची फेरी ठेवा. भातकापणी झाल्यावर स्वतःच्या आणि विचारलेल्या शेजाऱ्यांच्या बांधावरून, साखळी हातात धरून, पाऊण तास. लांबून माहुलीचे सुळके किंवा नाणेघाटाची कडा दिसते, फोटो तोच येतो. (नाणेघाटावरून आठवलं. माथ्यावर तो दगडी रांजण आहे ना, जकातीचा म्हणतात तो? वाटेचे पैसे घ्यायची अक्कल या डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वीच होती. फक्त वाट त्यांची स्वतःच्या ताब्यातली होती.)

गाव आधी

शहरातून आलेलं कुत्रं शेळी बघून वेडं होतं. तिने पळ काढला की तो मागे. कुणाची शेळी मेली, गाभडली, तर भांडण तुमच्या दारात. गिऱ्हाईक तर गाडीत बसून निघून जाणार. कायद्यातही आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे आपल्या ताब्यातल्या जनावराबाबत निष्काळजीपणा केला आणि माणसाला धोका झाला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण आपल्याकडे कलमाच्या आधी बैठक बसते. म्हणून गुराख्यांना, शेजारच्या पाड्याला आधी जाऊन सांगा की शनिवार-रविवार काय होणार आहे. शक्य असेल तर पाड्यावरच्याच एखाद्या मुलाला फाटकावर मजुरीने ठेवा. पाड्यावरच्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचून घ्यायचा खर्च तुम्ही उचला. सात-आठ कुत्र्यांचा खर्च एका बॅनरपेक्षा फार जास्त नाही.

आपल्याकडे जनावराचा अनुभव कमी नाही. म्हशाच्या जत्रेत बैलाचा दात आणि चाल बघून भाव करणारी माणसं आपण. तेच डोळे कुत्र्याकडे वळवायचेत. कान मागे, शेपटी ताठ, अंग घट्ट, की फाटकातूनच परत पाठवायचं. चावलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस घ्यायची. हळद, चुना काही लावायचं नाही. साबण आणि नळ फाटकाजवळच ठेवा.

कागदपत्रांचं थोडक्यात. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० चं आहे, त्यात किमान एक एकर शेती असलेल्याला नोंदणी करता येते. उद्यम नोंदणी फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. जेवण देणार असाल तर अन्न परवान्याची साधी नोंदणी लागते. पक्कं बांधकाम करायच्या आधी तलाठ्याकडे जा. सातबाऱ्यावर काका-आत्यांची नावं असतील तर त्यांची संमती लेखी घ्या. धंदा चालायला लागल्यावर सगळ्यांना आठवण येते!

पैसे कसे येतात

आता त्याचा कागद तुमच्यापुढे ठेवते. आकडे आम्ही धरलेले आहेत, तुमच्याकडचे भाव तुम्ही विचारा.

समजा जाळी, खांब, मजुरी धरून फुटाला १५० रुपये. ४१८ फुटांचे ६२,७०० रुपये. दोन फाटकं, विहिरीचा कठडा, पाण्याची टाकी आणि बसायला मांडव मिळून २५,०००. एकूण ८७,७००. तासाच्या स्लॉटचे ६०० रुपये. शनिवार-रविवार मिळून आठ स्लॉट ठेवले आणि निम्मेच भरले, तर आठवड्याला २४०० आणि महिन्याला ९६००. मध्य ऑक्टोबर ते मध्य मार्च हे पाच महिने असे धरले की ४८,०००. पावसाचे दोन महिने बंद. धो धो पावसात धबधब्यांवर आणि धरणांवर जिल्हा प्रशासन मनाई आदेश काढतं, तेव्हा गिऱ्हाईकही कमी आणि चिखलही फार. उरलेल्या पाच महिन्यांत निम्मा धंदा, २४,०००. वर्षाला ७२,०००. त्यातून फाटकावरच्या मुलाची मजुरी, ८० दिवसांचे ३०० प्रमाणे २४,०००. राहिले ४८,०००. म्हणजे जाळीचे पैसे सुटायला पावणेदोन-दोन वर्षं.

इथे त्याचा चेहरा पडला. मग मी विचारलं, "१२० कुटुंबं आली. ती जेवली कुठे?"

माणशी २५० रुपयांत तांदळाची भाकरी, पिठलं किंवा गावठी कोंबडी, ठेचा. कुटुंबात तीन माणसं धरली तर ३६० ताटं, ९०,००० रुपये. त्यात शेकडा ४० सुटले तरी ३६,०००. आता वर्षाचे ८४,००० झाले आणि जाळी वर्षभरात मोकळी होते. ही भाकरी त्याची आई करणार. म्हणून मी त्याला सांगितलं की या धंद्यात तुझी आई भागीदार आहे, मदतनीस नाही. तिचा हिस्सा वहीत वेगळा लिही. (यावर तो गप्प झाला. घरी जाऊन बोलतो म्हणाला. तुम्हीही बोला.)

पहिल्या वर्षी निम्मे स्लॉट भरतील असं मला वाटत नाही. म्हणून जाळीला हात लावायच्या आधी मागणी तपासली. माझ्या काउंटरवर एक वही ठेवली. जो 'मोकळं सोडायची जागा' विचारेल त्याला सांगायचं, मुरबाडजवळ कुंपणाची जागा होते आहे, तासाचे ६००, एका वेळी तुम्हीच. नाव-नंबर लिहा आणि पक्कं असेल तर २०० रुपये आगाऊ द्या, जागा झाली नाही तर परत. तीन शनिवार-रविवारांत अकरा जणांनी नंबर लिहिले. पैसे चौघांनी दिले. अकरावर खूश होऊ नका, चार हा आकडा खरा. एकाने तर सांगितलं, "आमचा इतर कुत्र्यांना घाबरतो, म्हणून कुठल्याच पार्कात नेता येत नाही. दुसरं कुत्रं नसणार असेल तर आम्ही दर पंधरा दिवसांनी येऊ." हे गिऱ्हाईक आमच्या दोघांच्याही डोक्यात नव्हतं.

परवा त्याच्याकडे जाऊन आले. चुन्याने आखणी झाली आहे, दर दहा फुटांवर खांब, बेचाळीस खड्डे. कठड्याच्या विटा पडल्यात. वडील आंब्याखाली बसून बघत होते. मला म्हणाले, "कुत्र्याला पळवायचे सहाशे देणारी माणसं आहेत होय?" मी वही दाखवली. त्यांनी ती चौघांची नावं नीट वाचली, परत दिली, मग उठून आखणीकडे गेले. उत्तरेच्या कोपऱ्यातले दोन खड्डे त्यांनी आत घ्यायला लावले. तिथून पाड्यावरची गुरं पाण्याला जातात. मुलगा म्हणाला, चौरस मोडतो, चार फूट जाळी वाढेल. वडील म्हणाले, वाढू दे.